पेन्शन नक्की कोणत्या तारखेला जमा होते?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण गेल्या चार वर्षांत मला त्याचं सरळ उत्तर कुणी दिलेलं नाही.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षक होते. २०११ च्या ३१ मेला निवृत्त झाले, गावीच असतात. दर महिन्याच्या १ तारखेला सकाळी साडेदहाला पासबुक शर्टाच्या खिशात घालून बँकेत जातात. खिडकीमागचा मुलगा त्यांचाच विद्यार्थी. तो लांबूनच मान हलवतो, "नाही गुरुजी अजून." मग २ ला जातात, मग ४ ला, मग ५ ला. आज ९ जुलै उजाडला तरी जूनची पेन्शन नाही.

शेजारचे नाना आयकर खात्यातून निवृत्त झालेत. त्यांची ३० जूनलाच जमा. पलीकडच्या आळीत हायस्कूलचे सर आहेत, खासगी अनुदानित शाळेतले. त्यांची १ जुलैला. तिघांची पेन्शन सरकारी, बँक एक, शाखा एक, आणि तारखा तीन! याला नियम काही आहे का? आणि उशीर झाला तर विचारायचं कुणाला? बँक म्हणते वरून आली नाही, पंचायत समिती म्हणते आम्ही कधीच पाठवली.

संत्रा_बर्फी

आईची पेन्शन राज्य सरकारची, आरोग्य खात्याची, कोषागारातून येते. १ तारखेला असतेच. १ ला रविवार आला तर २ ला. आठ वर्षांत एकदाच ५ तारीख बघितली, तेव्हा घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं.

रुळावरून

रेल्वेतून निवृत्त, त्यामुळे केंद्राचं सांगतो. ज्या महिन्याची पेन्शन, त्याच महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी. अपवाद फक्त मार्च. मार्चची पेन्शन एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी किंवा त्यानंतर, कारण खर्च नव्या आर्थिक वर्षात दाखवायचा असतो. १ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी बंद, म्हणजे २ च्या आत विसराच. नव्याने निवृत्त झालेला प्रत्येक जण पहिल्या ३१ मार्चला मला फोन करतो, "अहो, माझी थांबवली की काय?"

आणखी एक. केंद्राची पेन्शन सगळ्या बँकांत एकाच दिवशी पडेल असं नाही. शेवटच्या चार कामाच्या दिवसांत बँकेच्या सोयीने द्यायची अशी मुभा होती, ती सवय काही ठिकाणी अजून दिसते. माझ्या व्याह्यांची २७ ला येते, माझी ३० ला. ते तीन दिवस ते माझ्याशी सावकाराच्या थाटात बोलतात.

चहाबाज

आमच्या शाखेत १ तारखेला तीन गोष्टी हमखास बंद असतात. पासबुक छापायचं यंत्र, एटीएम आणि मॅनेजरच्या केबिनचं दार.

संत्रा_बर्फी

चहाबाज, चौथा राहिला. पंखा.

जुना_लेखापाल

कोषागारात ३१ वर्षं काढली, त्यामुळे जरा लांबण लावतो. कंटाळा आला तर दोष खात्याच्या सवयीला द्या.

कृष्णाकाठ, तारखा तीन आहेत कारण पैसा तीन वाटांनी येतो.

नानांची वाट सगळ्यात आखूड. त्यांचा पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन प्रदान आदेश, दिल्लीच्या केंद्रीय पेन्शन लेखा कार्यालयातून एकदाच बँकेच्या पेन्शन प्रक्रिया केंद्राकडे गेला. तिथून पुढे बँकच दर महिन्याला पेन्शन मोजते, महागाई वाढली की तीही धरते, खात्यात टाकते आणि मागाहून सरकारकडून भरून घेते. दर महिन्याला कुणाच्या सहीची वाट बघावी लागत नाही. म्हणून नानांची तारीख हलत नाही.

हायस्कूलच्या सरांची शाळा खासगी असली तरी पेन्शन मंजूर करतात महालेखापाल, मुंबई किंवा नागपूर, आणि देतं जिल्हा कोषागार. (मुंबईत हेच काम अधिदान व लेखा कार्यालय करतं.) निवृत्त झाल्यावर सर एकदा कोषागारात ओळख पटवायला येऊन गेले असतील, मूळ कागद, फोटो, अंगठा वगैरे. तिथून पुढे त्यांचं नाव आमच्या यादीत. महिना संपायच्या आत देयकं तयार असतात, १ तारखेला पैसे निघतात.

तुमच्या बाबांचं नाव मात्र कोषागाराच्या यादीत नाहीच. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची पेन्शन मंजूर होते जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात. पैसा राज्याचा, पण तो अनुदान म्हणून येतो. आधी बीम्सवर, म्हणजे राज्य सरकारच्या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, तरतूद दिसली पाहिजे, मग जिल्हा परिषदेने ती काढली पाहिजे, मग तालुक्याला वाटली पाहिजे, मग पंचायत समितीत देयक, सह्या, आणि शेवटी बँकेत यादी. प्रत्येक टेबलावर कागद एकच दिवस थांबला तरी आठवडा गेला. कुणी मुद्दाम अडवलं पाहिजे असं नाही, एक माणूस रजेवर गेला तरी पुरतं.

आता विचारायचं कुणाला. "पेन्शन आली का?" असं विचारू नका. त्याला "नाही" एवढंच उत्तर मिळतं. तीन तारखा विचारा. अनुदान तालुक्याला कधी मिळालं, देयक कधी मंजूर झालं, यादी बँकेत कधी गेली. तारीख विचारली की समोरच्याला फाइल उघडावी लागते. हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून शिकलोय.

कृष्णाकाठ

लेखापाल काका, चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी नकाशा काढून दिला. आजच रजा टाकून पंचायत समितीत जातो.

तिसरी_घंटा

एक विचारू? राग मानू नका. इथे सगळे पेन्शन ९ दिवस उशिरा आली म्हणून रडतायत. मी २००७ ला नोकरीला लागलो. आपल्या राज्यात १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. माझ्या वर्गाच्या शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या सरांना शेवटच्या पगाराच्या निम्मी मिळणार आणि मला बाजार ठरवेल ते. २०२३ च्या मार्चमध्ये संपात सात दिवस बसलो होतो. तेव्हा तारखेचं दुःख जरा प्रमाणात ठेवा.

रुळावरून

तुमचं दुःख खरं आहे हो. पण त्यात गुरुजींचा काय दोष?

घाटमाथा

तिसरी_घंटा यांच्याशी सहमत. शिवाय करदात्यांच्या पैशातून किती वर्षं पोसायचं हाही प्रश्न आहेच. कुणीतरी स्पष्ट बोलायला हवं.

मावळतीचा_वारा

घाटमाथा, माझं वय ८४. हे मी फोनवर बोलून टंकतो आहे, तेव्हा शुद्धलेखनाचे फटके फोनला द्यावेत.

पोसायचं हा शब्द काही बरा नाही. १७ डिसेंबर १९८२ ला सर्वोच्च न्यायालयाने नाकारा यांच्या खटल्यात निकाल दिला की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेपोटी मिळणारा हक्क आहे. घटनापीठ होतं, सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. आम्ही पेन्शनर मंडळी म्हणून १७ डिसेंबरला पेन्शनर दिन पाळतो. वडे असतात. तुम्हीही या.

तारखेचं म्हणाल तर मी कोषागाराच्या आवारात रांगेत उभं राहून रोख पेन्शन घेणारे लोक पाहिलेत. माझे वडील त्यांतले. १ तारखेला पहाटेची एसटी धरून तालुक्याला जायचे, सोबत डबा. नाव पुकारलं की जायचं, पुकारलं तेव्हा नेमके पाणी प्यायला गेला असाल तर तुमचं नाव शेवटी. संध्याकाळी परत येताना धोतराच्या कनवटीला नोटा आणि हातात भेळेचा पुडा. त्या काळी तारीख चुकत नसे, माणसं मात्र दमत असत.

चहाबाज

काका, फोनने एकही चूक केलेली नाही. आमचे फोन तुमच्याकडे पाठवतो शिकवणीला.

तिसरी_घंटा

काका, तुम्हाला उद्देशून नव्हतं. वड्यांना नक्की येतो.

धनुकली

तारखेवरून आठवलं. पेन्शन एखादा महिना अचानक आलीच नाही तर आधी हयातीचा दाखला तपासा. सासूबाईंचं असं झालं होतं. (केंद्राच्या कुटुंब निवृत्तिवेतनधारक, वय ७८.) नोव्हेंबरात दाखला द्यायचा राहिला, कारण तेव्हा त्या नणंदेकडे होत्या. डिसेंबर संपला, खात्यात काही नाही. त्यांना वाटलं नोटबंदीसारखं काहीतरी पुन्हा झालं.

जीवन प्रमाण, म्हणजे आधारवरून होणारा डिजिटल हयातीचा दाखला, करायला नेलं तर यंत्र बोट घेईना. उजवा अंगठा, डावा अंगठा, तर्जनी, सगळं झालं. पन्नास वर्षं भाकऱ्या थापून आणि भांडी घासून रेषा गेल्या होत्या. तो मुलगा म्हणाला, "आजी, हाताला तेल लावून या." सासूबाई म्हणाल्या, "बाळा, मी जिवंत आहे हे तुला समोर दिसतंय ना? मग यंत्राला कशाला विचारतोस?"

शेवटी मोबाइलवर चेहऱ्यावरून झालं. २०२१ च्या नोव्हेंबरपासून ती सोय आहे. घरी, खिडकीजवळ उजेडात बसवून. पापणी मिटवा म्हटलं की त्या दोन्ही डोळे गच्च मिटून देवाचं नाव घ्यायच्या, त्यामुळे चार वेळा करावं लागलं, पण झालं. थकलेले पैसेही एकरकमी आले, बुडाले नाहीत.

पाटलाची_गढी

ज्यांना हे जमत नाही त्यांनी पोस्टमनला बोलवा. पोस्ट पेमेंट्स बँकेचा माणूस घरी येऊन करून देतो, ७० रुपये. पेन्शन कोणत्याही बँकेत असली तरी चालतं. आमच्या आत्याने त्याला चहा, पोहे आणि एक नारळ दिला. म्हणाली, माझ्या जिवंतपणाची कुणी एवढी दखल घेतलीच नव्हती.

जुना_लेखापाल

धनुकली, भर घालतो. केंद्राचे ८० च्या वरचे पेन्शनर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देऊ शकतात, नोव्हेंबरच्या गर्दीत जायला नको. राज्याच्या पेन्शनरांसाठी कोषागार दर वर्षी बँकेच्या शाखेत नावांची यादी पाठवतं. तिच्यात आपल्या नावापुढे सही किंवा अंगठा करायचा. लोक फसतात कुठे, तर पेन्शन एका शाखेत आणि राहणं दुसऱ्या गावी. ते राहत्या गावच्या शाखेत जातात, तिथे यादीत नाव नसतं, "यादी आली नाही" असं उत्तर मिळतं आणि ते निवांत घरी येतात. शाखा कोणती ते बघून जा. नाहीतर जीवन प्रमाण करा, ते कोषागारालाही चालतं.

फौजी_लेक

आमच्याकडे 'स्पर्श', म्हणजे संरक्षण खात्याची ऑनलाइन पेन्शन प्रणाली. वडील सुभेदार होते, आता आईला मिळते. पूर्वी बँक मोजायची, आता प्रयागराजहून थेट खात्यात पडते, बँकेचं काम फक्त खातं ठेवण्याचं. महिन्याच्या शेवटी येते. आमच्या सातारा भागात प्रत्येक घरात एक तरी फौजी, त्यामुळे ३० तारखेला संध्याकाळी गावातल्या मटणाच्या दुकानावरून कळतं की स्पर्शने पाठवली. मेसेज बघायची गरज नाही.

लालपरी_३२

सगळ्यांचं वाचलं. आता माझं ऐका. एसटीत ३२ वर्षं चालक होतो. आमची पेन्शन ईपीएस-९५, म्हणजे भविष्य निर्वाह निधीवाल्यांची कर्मचारी पेन्शन योजना. ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. तारखेचं म्हणाल तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत येते, मार्चची एप्रिलात. वेळेत येते. तक्रार नाही.

आता आकडा ऐका. २,८६०. दोन हजार आठशे साठ. निवृत्त झालो तेव्हाही तेवढीच, आजही तेवढीच, कारण तिला महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये, तीही तिथेच आहे. त्या वेळी सिलिंडर कितीला होता आणि आज कितीला आहे ते वहिनींना विचारा. आमचे लोक बुलढाण्याला वर्षानुवर्षं साखळी उपोषणाला बसलेत.

तुम्हाला तारखेचं दुखणं, आम्हाला आकड्याचं. बस वेळेवर सुटते हो, पण डिझेल दोन लिटर.

कृष्णाकाठ

लालपरी काका, काय बोलू. 🙏

घाटमाथा

लालपरी काका, २,८६० वाचून मी वरचा 'पोसायचं' हा शब्द मागे घेतो.

पाटलाची_गढी

अवांतर : कृष्णाकाठ, तुमचे बाबा ३१ मेला निवृत्त म्हणजे जन्मतारीख १ जून असणार! १ तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो.

कृष्णाकाठ

बरोबर ओळखलंत. आजीला विचारलं तर ती म्हणायची, "तू झालास तेव्हा भुईमूग काढायला चालला होता." पण हेडमास्तरांनी शाळेत घालताना १ जून लावली.

संत्रा_बर्फी

आमच्या घरात आजोबा, दोन काका आणि शेजारचे देशपांडे, चौघांचाही वाढदिवस १ जून. एकाच केकवर भागतं.

जुना_लेखापाल

हसू नका, या १ जूनने लोकांचं नुकसानही केलंय. वार्षिक वेतनवाढ १ जुलैला. ३१ मेला घरी गेला तो एका महिन्याने वेतनवाढीला मुकला. ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांनी वर्षभर काम केलं तरी दुसऱ्या दिवशीची वाढ मिळेना, म्हणून प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि एप्रिल २०२३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. ३१ मेवाल्यांना त्याचा उपयोग नाही. हेडमास्तरांनी १ जूनऐवजी २ जुलै लिहिली असती तर!

आणि कृष्णाकाठ, तुमच्या कामाचं. बाबांनी निवृत्तीच्या वेळी अंशराशीकरण केलं असेल, बहुतेक सगळे करतात. म्हणजे पेन्शनचा काही भाग आगाऊ एकरकमी घेतला आणि तेवढी पेन्शन दर महिन्याला कापली जाते. ती कपात १५ वर्षांनी थांबते. २०११ मध्ये १५ मिळवा. २०२६ येतं. अंशराशीची रक्कम कोणत्या तारखेला मिळाली तो कागद शोधून ठेवा, १५ वर्षं तिथून मोजतात. कपात आपोआप थांबेल या भरवशावर राहू नका, एक अर्ज देऊन पोच घ्या.

कृष्णाकाठ

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. बाबांना विचारलं, तर त्यांनी ट्रंकेतून पिशवी काढली, पिशवीतून दुसरी पिशवी आणि त्यातून कागद. तारखेसकट. मास्तर तो मास्तरच.

दूरदेशी

मी टोरांटोला असतो. एक अनुभव लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

वडील राज्य सरकारात होते. दोन वर्षांपूर्वी महिन्याच्या ३ तारखेला गेले. मी आलो, दिवस केले, परत आलो. आईचं आणि त्यांचं संयुक्त खातं. पेन्शन येत राहिली, आई त्यातून खर्च करत राहिली, मला वाटलं आता आईला सुरू झाली. चौथ्या महिन्यात खात्यात शिल्लक जवळजवळ शून्य. बँकेने मृत्यूनंतर जमा झालेली सगळी रक्कम एका दिवसात परत घेतली होती.

नियमाने ते बरोबरच होतं. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंत मिळते, तो दिवस धरून. दुसऱ्या दिवसापासून कुटुंब निवृत्तिवेतन. पण ते आपोआप सुरू होत नाही, कळवावं लागतं. आम्ही कळवलंच नव्हतं. मग मृत्यूचा दाखला, पीपीओ, अर्ज, आणि पीपीओवर आईचं नाव वेगळं, आधारवर वेगळं. तिचं माहेरचं नाव लग्नात बदललं आणि वडिलांनी सेवापुस्तकात लाडाने तेच जुनं लिहून ठेवलं होतं. प्रतिज्ञापत्र करावं लागलं. पाच महिने गेले. थकबाकी सगळी मिळाली, पण ते पाच महिने आई मावशीकडून पैसे घेत होती आणि मला फोनवर "सगळं ठीक आहे" सांगत होती.

आई-वडील दोघंही असतील तर आजच पीपीओ काढून आईचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळवून बघा. तिची जन्मतारीख पुढे ८० झाल्यावर लागते.

मावळतीचा_वारा

दूरदेशी, वाचून मी लगेच आमच्या हिचं नाव तपासलं. एक वेलांटी चुकलेली निघाली. उद्या अर्ज देतो.

धनुकली

हा एक प्रतिसाद सगळ्यांनी आपल्या भावंडांना पाठवा.

घाटमाथा

मूळ प्रश्नाकडे येतो. उशीर झाला तर बँकेकडून ८ टक्के व्याज मागता येतं. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कृष्णाकाठ, ठोका अर्ज बँकेवर.

जुना_लेखापाल

थांबा थांबा. नियम आहे, पण तो बँकेमुळे उशीर झाला तर. देय तारीख होऊन गेली आणि पैसे बँकेकडे पडून राहिले, किंवा महागाईचा आदेश येऊनही बँकेने थकबाकी दिली नाही, तर वर्षाला ८ टक्क्यांनी भरपाई, आणि ती पेन्शनरने न मागता त्याच दिवशी खात्यात टाकायची. १ ऑक्टोबर २००८ पासूनच्या उशिराला लागू आहे. पण इथे यादीच बँकेत पोहोचली नसेल तर त्या खिडकीवरच्या मुलाचा काय दोष? गुरुजींचाच विद्यार्थी तो, उगाच त्याच्यावर अर्ज ठोकाल. म्हणूनच तिसरी तारीख महत्त्वाची. यादी कधी गेली. त्यानंतरचा उशीर बँकेचा, आधीचा नाही.

घाटमाथा

हे माहीत नव्हतं. माझा ठोका मागे घेतो. आज दुसऱ्यांदा.

चहाबाज

घाटमाथा उतरणीला लागला.

शेवंती

आमच्या गावात पेन्शन म्हटलं की लोकांना श्रावणबाळ आणि निराधारचे १,५०० आठवतात. आता आधार जोडलेल्या खात्यात थेट येतात, पण कधी दोन महिन्यांचे एकदम. माझी चुलती तर तारीख विचारतच नाही. म्हणते, "आलं की आलं. तारीख नोकरदारांना."

पाटलाची_गढी

कृष्णाकाठ, एक सुचवू? बाबांच्या मोबाइलवर बँकेचा संदेश चालू करा, फेऱ्या वाचतील. अर्थात ते गप्पा मारायला जात असतील तर जाऊ द्या. आमचे अण्णा पासबुक भरायच्या निमित्ताने तिघा मित्रांना भेटून, चहा पिऊन बाराला घरी येतात. म्हातारपणी तेवढंच फिरणं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. सविस्तर लिहितो.

आज पंचायत समितीत गेलो. लेखापाल काकांच्या तीन तारखा कागदावर लिहून नेल्या होत्या. पहिल्या टेबलावर "येईल दोन दिवसांत" झालं. मी म्हटलं, तारखा हव्यात. तो माणूस माझ्याकडे बघत राहिला, मग उठला आणि खरंच फाइल काढली. अनुदान ३ ला आलेलं. देयक ४ ला तयार. सही करणारे साहेब ४ पासून ८ पर्यंत जिल्ह्याला बैठकांना. सही आज ९ ला सकाळी झाली, यादी दुपारी बँकेत जाणार होती. एवढीच गोष्ट. कुणी वाईट नव्हतं, उलट त्या माणसाने चहा पाजला आणि म्हणाला, "पुढच्या वेळी फोन करा, नंबर घ्या."

संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी पैसे जमा झाले.

पाटील, बाबांना संदेशाचं मी दोन वर्षांपूर्वीच करून दिलंय. तरी ते जातात. मलाही वाटायचं गप्पांसाठी जात असतील. आज बरोबर चाललो तेव्हा कळलं. बँकेकडे जायचा सरळ रस्ता चौकातून, तिथे औषधाचं दुकान. बाबा मला मागच्या गल्लीने, चिखलातून घेऊन गेले. आईच्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या तिथून उधारीवर येतात, आणि बाबांनी दुकानदाराला ५ तारीख सांगितलेली. ५ नंतर पेन्शन येईपर्यंत ते चौकातून जात नाहीत. दुकानदार त्यांना कधीच काही बोललेला नाही. मी पैसे देतो म्हटलं तर म्हणाले, "तुझे नकोत, मी तारीख दिली होती."

परत येताना चौकातून आलो. बाबांनी २,३४० रुपये मोजून दिले आणि दुकानदाराला सांगितलं, "पुढच्या महिन्यापासून १५ तारीख धर."

जुना_लेखापाल

साहेबांची बैठक होती हे खरंच असणार. मीही अशा बैठकांना गेलोय आणि माझ्याही टेबलावर कागद थांबलेत. तेव्हा चौकातल्या दुकानाचा विचार मनात आला नव्हता.

गुरुजींना नमस्कार सांगा. १५ तारीख ठीक आहे. फक्त दिवाळी महिन्याच्या शेवटी आली आणि सरकारने पेन्शन आधीच द्यायचा आदेश काढला, तर ती खर्च करताना पुढचा हप्ता चाळीस दिवसांनी आहे हे धरून चाला. आणि एप्रिलमध्ये नव्या वर्षाचं अनुदान बीम्सवर यायलाच वेळ लागतो. त्या एका महिन्यासाठी दुकानदाराला २५ सांगून ठेवा.